पलीकडच्या काठावरचे पाळकसाहेब

पावसाळ्यात धरणाचं पाणी चढलं की उदगीरकडच्या आमच्या वस्तीचं बेट होतं. बेटावर थोडी ख्रिस्ती घरं आणि पत्र्याचं चर्च. पलीकडं जायला थर्माकोलचा तराफा, तोही दोर धरून ओढायचा.

पाळकसाहेब लातूरचे. उन्हाळ्यात पाणी ओसरून रस्ता उघडा पडला की मोटारीनं यायचे आणि दर साली तेच प्रवचन ठोकायचे. येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालला, पण भ्याला आणि बुडायला लागला. मग आमच्याकडं बोट करून म्हणायचे, "तुमचाही विश्वास असाच कच्चा." तान्ही लेकरं घेऊन तराफ्यावरून दवाखाना गाठणाऱ्या बाया हे खाली मान घालून ऐकायच्या.

गेल्या साली कापणीच्या सणाला पाणी लई होतं. साहेब काठापर्यंत आले, त्यांनी तराफा बघितला आणि चर्चच्या वडिलांना, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांना, फोन लावला, "मला गार वारं सोसत नाही. अर्पणं इकडंच पाठवा, मी इथूनच आशीर्वाद देतो."

आम्ही मुगाची पोती, भोपळे, कोंबड्या तराफ्यावर रचून पाठवल्या. साहेबांनी तिकडून हात वर केला. आशीर्वाद पाणी ओलांडून आला का, ठाऊक न्हाई. कोंबड्या मात्र मोटारीत बसून लातूरला गेल्या.

यंदा मंडळीची बैठक बसली. मला वाटलं, आता तरी कुणी तोंड उघडेल. तर ठरलं काय, तराफा मोठा करायचा!

"साहेबांना आणायला?" मी विचारलं.

"त्यांना कशाला?" वडील म्हणाले. "गेल्या साली पोती भिजली होती."