एक जूनचं गाव

दांडीच्या शाळेत तांडेल गुरुजी रोज सगळ्यांच्या आधी येत आणि दाराशेजारच्या फळ्यावर दिनविशेष लिहीत. आज कोणता राजा गादीवर बसला, कोणता शास्त्रज्ञ जन्मला, कुठला तह झाला. मी त्यांचाच जुना विद्यार्थी, पुढे त्याच शाळेत मास्तर झालो. एकदा मी एका सेनापतीची पुण्यतिथी एक दिवस आधीच लिहिली, तर गुरुजींनी मुलांदेखत मला फळा पुसायला लावला. म्हणाले, "मेलेल्या माणसाचा एक दिवस खाल्लास तू. तारखेशी मस्करी नाय करायची."

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की हेच गुरुजी टेबलाशी बसत. पोराचा जन्म कधीचा, असं विचारलं की बाया सांगत, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, नाहीतर घोळ मासा भरपूर लागला तेव्हा. गुरुजी मान डोलावत, पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का ते पाहून साल ठरवत आणि एक जून लिहून मोकळे होत. माझीही तारीख तीच, त्यांच्याच हातची. ऐंशीच्या दशकात आमची पोरं बोईसरच्या कारखान्यांत लागली, तेव्हा त्यांचे फॉर्म पाहून तिथला साहेब विचारी, तुमच्या गावात एरवी कोणी बाळंत होत नाही का.

गुरुजींनाही त्यांच्या गुरुजींनी एक जूनच दिला होता. निवृत्तीच्या वर्षी तो नडला. चौथीपासून सांभाळलेला त्यांचा लाडका वर्ग सातवीत जाणार, आणि गुरुजी मेअखेर घरी. गुरुजींची आई म्हणाली, तू तर त्या जूनच्या पुढच्या होळीचा. म्हणजे निवृत्ती पुढच्या मार्चवर गेली असती आणि वर्ग जवळजवळ पुरा झाला असता. तिला घेऊन आम्ही पालघरच्या कचेरीत गेलो. कारकून गुरुजींचाच विद्यार्थी निघाला. तो पाया पडला, चहा मागवला आणि म्हणाला, दाखल्यावर आहे तेच खरं.

"पोर मी जन्माला घातला," म्हातारी म्हणाली, "मला कोणी इचारलं नाय."

निवृत्तीनंतर गुरुजी जुनी पंचांगं काखेत मारून दारोदार फिरू लागले. आयांना विचारून पोरांच्या खऱ्या तारखा एका वहीत उतरवत. सरकारदरबारी त्या वहीला काडीची किंमत नव्हती. मलाही सुरुवातीला हसूच येई.

माझ्याकडे ते सर्वांत शेवटी आले. माझी आई दोन वर्षांपूर्वीच गेली होती, ते त्यांना ठाऊक होतं. तरी बसले, आई कधी काही बोलली होती का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी माझं नाव लिहिलं आणि पुढची जागा कोरी सोडली.

"तुझी आय सांगत होती, बाबा," ते म्हणाले. "मीच ऐकलं नाय."