एक्स्पोर्टतात्या आणि काकीची पांढरी घोंगडी

एक्स्पोर्टतात्या गेले आणि तालुक्याची निर्यात वाचली.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मान्य. पण तात्यांबद्दल चांगलं बोलायचं तर खोटं बोलावं लागतं, आणि ते खातं त्यांनी स्वतःच आयुष्यभर सांभाळलं.

आज कऱ्हेच्या घाटावर दशक्रिया झाली.

पाच वक्ते बोलले. एक म्हणाला, "तात्यांनी बारामती-इंदापूरचा छोटा उद्योजक जगाच्या बाजारात उभा केला."

उभा केला हे खरंय. बसायला जागा मात्र कुणालाच मिळाली नाही.

तात्या म्हणजे निर्यात मार्गदर्शक. दर महिन्याला एका मंगल कार्यालयात सेमिनार. नाश्त्याला उपमा, वर प्रमाणपत्र. "तुमच्या गावात जे आहे ते जगाला पाहिजे!" असं ते माईक ओठांना लावून ओरडायचे.

स्वतः त्यांनी एकच गोष्ट देशाबाहेर पाठवली. स्वतःला. दुबईला, सहलीत.

पण एक कबूल करतो. जर्मनीचा एक बायर, म्हणजे खरेदीदार, त्यांनीच शोधला होता, पुण्याच्या प्रदर्शनात. आणि त्याला घेऊन ते आले अंथुर्ण्याला, माझ्या चुलतीकडे.

सुमनकाकी. आजेसासऱ्याच्या काळात घरात मेंढरांचा कळप होता. कळप गेला, मेंढरं कोंडायचं वाडगं राहिलं. काकीने त्याच वाडग्यावर पत्रा टाकून चार माग बसवले. गावातल्या बाया सूत कातायच्या, काकी आणि तिची सून घोंगडी विणायच्या.

गोऱ्याने लोकर हातात चुरगाळली, नाकाला लावली. म्हणाला, पांढरी पाहिजेत. रंग नको. जशी मेंढी, तशी लोकर.

काकीने हिवाळाभर निवडून निवडून पांढरी लोकर जमवली. एक काळा केस दिसला तरी उसवायची.

"काकी, एवढं कोण बघतंय?"

"त्यो बघतोय की. वास घेऊन बघतोय मेला."

माल तयार झाला. खोकी बंद झाली. टेम्पो दारात आला.

आणि तात्या आले. सोबत ड्रोनवाला.

"बंद खोक्यांचा काय फोटो काढायचा? उघडा! घोंगडी पसरा टेम्पोवर!"

घोंगडी पसरली. तात्यांनी कोटाच्या दोन्ही खिशांत हात घातले.

"यळकोट यळकोट जय मल्हार!"

आणि भंडारा उधळला. मूठभर नाही, किलोभर. ड्रोनचा शॉट नीट आला नाही म्हणून परत एकदा.

सांगायला नको, पण सांगतो. पांढऱ्या लोकरीवरची हळद जात नाही.

काकी हात वर करून पुढे धावली होती. देवाचं नाव कानावर पडलं आणि वर केलेले हात तिथंच जोडले गेले. मी पाहत होतो. तेवढ्यात माल पिवळा झाला.

"काकी, थांबवायचं ना त्यांना!"

"भंडाऱ्याला नगं म्हनायची जीभ कुठनं आनू रं?"

तात्या म्हणाले, "झटकलं की जातंय." झटकलं. आणखी पसरलं. तात्यांनी खोकी बंद करायला लावली आणि टेम्पो सोडला.

जर्मनीतून मेल आला : हे पिवळं काय आहे?

तात्यांचं उत्तर : "इट इज ब्लेसिंग. नो एक्स्ट्रा चार्ज."

हे मी रचलेलं नाही. तात्यांनी ते पुढच्या सेमिनारमध्ये 'बायरशी संवाद कसा साधावा' म्हणून वाचून दाखवलं होतं.

माल नाकारला. पण गोरा भला निघाला. त्याने कळवलं, विणकाम मला आवडलंय. हे कसं झालं आणि परत होऊ नये म्हणून काय केलं, एवढं लिहून पाठवा. मग पुढचं बोलू.

एक मेल. चार ओळींचा.

काकी दर आठवड्याला फोन करायची. "तात्या, टाकला का वो?"

"उद्या टाकतो."

मी म्हणालो, पत्ता द्या, मी टाकतो. तर म्हणाले, "बायर आणि तिजोरीची किल्ली कुणाच्या हातात द्यायची नसते." आणि वर, "एक्स्पोर्टर कधी सॉरी म्हणत नसतो. पत जाते."

पत राहिली. माग बंद पडले. कातणाऱ्या बाया खुरपायला गेल्या. सून काटेवाडीला पॅकिंगच्या कामाला लागली. आणि बारामतीच्या चौकात फ्लेक्स लागला : 'अंथुर्ण्याची घोंगडी जर्मनीत!' खाली तात्या, उधळताना.

तर आज घाटावर. पिंड ठेवला. कावळा येईना.

आप्तेष्ट वचनं देऊ लागले. "तात्या, सेमिनार चालू ठेवू." कावळा नाही. "तुमच्या नावाने पुरस्कार देऊ." कावळा लिंबाच्या शेंड्यावर, पाठ करून.

बायांच्या घोळक्यातून काकी उठली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"तात्या, त्या गोऱ्याचा पत्ता दिल्याबिगर तुमी सुटत न्हाय, आन आमीबी न्हाय."

तात्यांचा मुलगा भेदरला. त्याने खिशातून बापाचा फोन काढला आणि काकीच्या हातात ठेवला. काकीने तो माझ्याकडे दिला.

"लिही. खरं तेच लिही. देवाला मधी घेऊ नगं."

कावळा शिवला का, मला विचारू नका. मी पायरीवर बसून टाइप करत होतो.

लिहिलं : आमच्या सल्लागारांनी तुमच्या मालावर हळद उधळली. विणणाऱ्यांची चूक नव्हती. परत होऊ नये म्हणून काय केलं? सल्लागार वारले.

संध्याकाळी उत्तर आलं. मी काकीला फोनवर वाचून दाखवलं. तुमच्या दुःखात सहभागी आहोत. पांढऱ्या घोंगडीचे दोन नमुने पाठवा.

काकी म्हणाली, "सुनंला फोन लाव. म्हनावं, उद्या कामाला जाऊ नगं."

तात्या, इतकी वर्षं मार्गदर्शन केलंत. मदत मात्र आज पहिल्यांदा झाली.

या आता. परत येण्याची तसदी घेऊ नका.