लिफ्टवाल्याची पाटी

शुक्रवारी दुपारी त्याने एका सात मजली इमारतीची लिफ्ट बंद केली.

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबताना एक इंच खाली सरकत होती. त्याने ती सात वेळा वरखाली करून पाहिली. पाच वेळा बरोबर थांबली, दोन वेळा सरकली. मग तो गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत चढला, ब्रेकच्या पट्ट्या पाहिल्या, खाली आला आणि पिशवीतून पाटी काढून तळमजल्याच्या दाराला अडकवली. ‘बंद आहे.’ पाटी त्याने स्वतः रंगवली होती. एकोणीस वर्षांत अक्षरं दोनदा गिरवली होती.

इमारतीचे अध्यक्ष लगबगीने आले. निवृत्त माणूस, गुडघे दुखणारे, घर सहाव्या मजल्यावर.

“अहो, एका इंचाने काय आभाळ कोसळतंय?”

“काका, आज एक इंच आहे. ब्रेक एकदा सरकायला लागला की तो मोजूनमापून सरकत नाही.”

“पण पाचदा बरोबर थांबली ना?”

“पाचदा थांबते म्हणूनच माणूस सहाव्यांदा बसतो.”

“मग चालू कधी?”

“सोमवारी सकाळी पट्ट्या घेऊन येतो. तोवर जिना. आणि पाटीला हात लावू नका.”

“तुझ्या पाटीला हात लावून कुणाशी वैर घेऊ,” अध्यक्ष म्हणाले आणि कठड्याला धरून पहिली पायरी चढले. त्याने लावलेली पाटी त्याच्याशिवाय कुणी काढत नसे. असा त्याचा लौकिकच होता.

पाटी अडकवताना तिची दोरी त्याच्या बोटांतून दोनदा सुटली होती. ते अध्यक्षांनी पाहिलं नव्हतं.

उजव्या हाताची बोटं तीन महिन्यांपासून बधिर होत होती. कधी मिटत, कधी मिटत नसत. सकाळी शर्टाची बटणं लागायची नाहीत. आठ वर्षांची मुलगी ती लावून द्यायची. त्याने त्याचा खेळच करून टाकला होता. “बघू, किती आकड्यांत लावतेस.” ती मोजत मोजत लावायची आणि रोज जिंकायची. बायकोला वाटायचं, बापलेकीचं गूळपीठ आहे.

एकदा मशीनच्या खोलीत त्याच्या हातातून पाना सुटला आणि फटीतून सात मजले खाली गेला. आवाज यायला बराच वेळ लागला. खाली कुणी नव्हतं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कंपनीने त्याला घरी बसवलं असतं. हातावर पोट असलेल्या माणसाने हाताची तक्रार करायची कुणाकडे?

शनिवारी सकाळी निघायचं होतं. दर वर्षी एकदा, दोन दिवस, मित्रांबरोबर मोटारसायकलवरून समुद्राच्या कडेकडेने. बारा वर्षं हा नेम चुकला नव्हता. सगळ्यात पुढे पुढारी असायचा. त्याचं रंगांचं दुकान होतं, पण राईडवर आल्यावर तो सेनापती व्हायचा. मध्ये डॉक्टर. तो औषधांच्या दुकानात नोकरीला होता, म्हणून डॉक्टर. या वर्षी पुढाऱ्याचा मेहुणाही नवी कोरी गाडी घेऊन आला होता. शेवटी तो स्वतः, लिफ्टवाला.

शेवटची जागा, म्हणजे शेपटी, भरवशाच्या माणसाची. कोण मागे पडलं, कुणाचं टायर बसलं, ते त्याने बघायचं. त्याच्या अंगात पिवळं जॅकेट असायचं. पुढच्यांना आरशात ते पिवळं दिसलं की पुरे. बारा वर्षांत कुणी त्याच्याकडे बघितलं नव्हतं, जॅकेटकडे बघितलं होतं.

“चहा दोन हातांनी का पितोस?” निघताना बायकोने विचारलं.

“थंडी आहे.”

“कुठाय थंडी? मी म्हटलं जाऊ नकोस, तर?”

“तर बिनशेपटीचं जनावर होईल ते. सगळे वाट चुकतील.”

ती हसली नाही. मुलीने जॅकेटची चेन लावून दिली. आकडे मोजायला विसरली.

समुद्र डाव्या हाताला होता, शिशासारखा. वारा पडलेला. पुढचा ब्रेक उजव्या हातात असतो. हात मिटला तर ठीक, नाही तर तो पायाच्या ब्रेकवर भागवत होता. म्हणून त्याने पुढच्या गाडीपासून अंतर वाढवलं, वेगही कमी केला. तीन ठिकाणी बाकीचे त्याच्यासाठी थांबून राहिले.

“शेपटी लांबत चाललीय,” पुढारी म्हणाला. “बाराच्या फेरीबोटीत बसायचंय आपल्याला. ती पुढच्या जन्मी मिळेल.”

चहाच्या टपरीवर डॉक्टरने त्याच्याकडे पाण्याची बाटली फेकली. ती उजव्या हातावर आपटून खाली पडली.

“झेल सोडला,” मेहुणा म्हणाला.

“म्हातारा झाला,” पुढारी म्हणाला.

डॉक्टर उठून जवळ आला. हळूच म्हणाला, “मूठ आवळून दाखव.”

त्याने डावी दाखवली.

“उजवी.”

“गोळ्या विकतोस तेवढ्या विक की. आता हात बघून भविष्यही सांगणार?” हे तो मोठ्याने म्हणाला. पुढारी हसला, मेहुणा हसला. मग डॉक्टरही हसला.

गाड्यांकडे जाताना डॉक्टरने पुन्हा विषय काढला. “गाडी इथे ठेव. माझ्यामागे बस. उद्या येताना घेऊ.”

“आणि शेवटी कोण? तो मेहुणा? काल लायसन्स मिळालंय त्याला.”

“मग निदान डॉक्टरला दाखव. खऱ्या.”

“सोमवारी दाखवतो.”

बाराची बोट चुकली. ते धक्क्यावर पोचले तेव्हा तीन वाजले होते आणि ओहोटी लागली होती. बारा वाजता जो उतार पाण्याखाली असता, तो उघडा पडला होता. वरचा अर्धा कोरडा, खालचा अर्धा शेवाळाने हिरवा. डाव्या बाजूला दगडी भिंत, उजव्या बाजूला कठडा नाही. तळाशी बोट तोंड उघडून उभी होती.

“एकेक या,” बोटीवरचा खलाशी ओरडून सांगत होता. “खाली निसरडं आहे. ब्रेक जपून.”

पुढारी उतरला. डॉक्टर उतरला. मेहुणा उतरला आणि नेमकी बोटीच्या तोंडाशी त्याची गाडी बंद पडली. तो दोन्ही पाय फाकवून किक मारत बसला. त्याच्या दोन्ही बाजूंनी पायी उतारू चढत होते. टोपल्या घेतलेल्या दोन बायका, पेटी उचललेला एक माणूस.

लिफ्टवाला वर थांबला होता. त्याने हातमोजा काढून बोटांकडे पाहिलं. ती त्याचीच होती, पण शेजाऱ्याने ठेवायला दिल्यासारखी वाटत होती.

खलाशी चढून वर आला. “मी आणू का गाडी खाली? बरेच जण देतात.”

द्यायला हरकत नव्हती. पण खालून तिघे बघत होते. शेपटीवाल्याची गाडी खलाशाने उतरवली, ही गोष्ट सोमवारपर्यंत शहरभर झाली असती. पुढारी रंग विकायला लिफ्टवाल्याच्या कंपनीत जायचा. सकाळपासून निदान पाच वेळा हात बरोबर मिटला होता.

“नको. उतरतो,” तो म्हणाला.

कोरड्या भागात गाडी सरळ आली. हिरवं लागलं तिथे त्याने हात आवळला. हात आवळला असं त्याला वाटलं. बोटं हँडलच्या मुठीवर तशीच पसरलेली राहिली. त्याने पाय दाबला. मागचं चाक थांबलं आणि थांबलेलं चाक घसरत निघालं. समोर मेहुण्याची पाठ होती. टोपल्या होत्या.

मेहुणा नंतर सांगायचा की त्याने वळून पाहिलं तेव्हा लिफ्टवाला त्याच्याकडे नाही, भिंतीकडे बघत होता. जागा हेरल्यासारखा. मग त्याने डाव्या हाताने हँडल ओढलं. गाडी भिंतीवर गेली. खाली कुणाला खरचटलंही नाही.

बोट त्या दिवशी सुटली नाही. डॉक्टर शेवाळावर बसून त्याची उजवी मूठ मिटवत होता. त्याने हात सोडला की ती उघडत होती.

सोमवारी लिफ्ट दुरुस्त करायला कुणी आलं नाही. लोक दोन दिवस कुरकुरले. मग तो गेल्याची बातमी कळली आणि कुरकुर थांबली. अध्यक्ष रोज सहा मजले चढत होते. मध्ये तिसऱ्या मजल्यावर बसत होते.

गुरुवारी कंपनीने दुसरा मेकॅनिक पाठवला. त्याने ब्रेक खोलला आणि एक पट्टी अध्यक्षांना दाखवली. ती आडवी तडकली होती, केसभर जागेवर जोडलेली. “एक-दोन दिवस चालली असती,” तो म्हणाला. “ज्याने बंद केली त्याची नजर चांगली.”

अध्यक्षांनी पट्टी हातात घेऊन उलटून पाहिली.

नवी पट्टी बसली. लिफ्ट सात वेळा वरखाली झाली, सातही वेळा बरोबर थांबली. मेकॅनिकने हात पुसले आणि पाटीची दोरी सोडवायला गेला.

“थांबा,” अध्यक्ष म्हणाले. “ती राहू द्या.”

“अहो, लिफ्ट चालू झाली.”

“माहीत आहे,” अध्यक्ष म्हणाले आणि कठड्याला धरून पहिली पायरी चढले.