नाकेदाराचा हत्ती

सावली गावापासून चांद्यापर्यंत घासाघिशीत मला नमवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि त्याला तर काही विकायचंच नव्हतं. तो आमच्या जंगल डेपोचा नाकेदार. मी बांबूच्या गाड्या भरता भरता ठेकेदार झालेला. समोरच्याच्या डोळ्यांवरून भाव ओळखतो. याच्या डोळ्यांत भावच नसे. सावरीच्या हलक्या लाकडातून त्यानं बोटभर उंचीचे दोन-अडीचशे शिपाई कोरले होते. एक फौज गोंडराजाची, एक भोसल्यांची. खारीच्या केसांच्या कुंचल्यानं तो त्यांच्या मिशा रंगवायचा, तेही श्वास रोखून. एकदा साहेबाचा चपराशी बोलावायला आला, तर "थांब बापा, हवालदाराची डावी मिशी राह्यली," म्हणून त्याला दारातच उभा केला. बाजाराच्या दिवशी अख्खी फौज डेपोच्या ओसरीवर मांडलेली असे. धान विकायला आलेल्या बाया राजाच्या हत्तीपुढं चार दाणे ठेवून जात. काय तो हत्ती! झुलीवरची टिकली न् टिकली वेगळ्या रंगाची, आणि डोळा असा की आपल्याकडेच बघतो. पाहिला त्याच दिवशी मी भाव विचारला.

"इकाचा नाई, ठेकेदार. लढून न्या," तो म्हणाला.

झालं. दर रविवारी सागाच्या दोन फळ्या जोडलेल्या मेजावर आमची लढाई. राजा त्याचा, भोसले माझे. निळीत बुडवलेलं फडकं म्हणजे वैनगंगा. कोण पडलं ते कवड्या टाकून ठरायचं. प्याद्यानं एक वीत चालायचं, घोड्यानं दोन. वीत कोणाची, यावर मी पहिल्याच दिवशी तासभर भांडलो. त्यानं मुकाट्यानं माझ्या वितेएवढी बांबूची कामटी कापून दिली. पण बाकी नियमांत तसूभर हलत नसे. पडलेल्या शिपायाचं तो दहा दिवस सुतक पाळायचा, म्हणजे पुढच्या रविवारी तो मेजावर नाही. एकदा मी इतके मारले की पुढच्या रविवारी लढायला त्याच्याकडे माणसंच उरली नाहीत. मी चडफडत बसलो. "आता काऊन चिडून राह्यले? तुमीच तं मारले," म्हणाला आणि चहा ठेवला.

हत्तीचा नियम सगळ्यात जाचक. तोफेनं पाडला तर तो मिळायचा नाही. चारी बाजूंनी चार प्यादी भिडवून जिवंत धरायचा. तीनदा मी तीन बाजू धरल्या, आणि तिन्ही वेळा चौथ्या प्याद्याची वाट पाहता पाहता माझं डोकं फिरलं आणि तोफ डागली. तिसऱ्यांदा तो हसला. "ठेकेदार, हत्ती शांत हाय. तुमीच पिसाळून राह्यले."

शेवटी एका रविवारी दातओठ खात दम धरला आणि चौथं प्यादं भिडवलं. त्यानं हत्ती धोतराच्या सोग्यानं पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

आठवडाभर तो माझ्या घरी कोनाड्यात होता. पुढच्या रविवारी राजाची फौज हत्तीवाचून उभी राहिली आणि अर्ध्या तासात मी जिंकलो. "मजा नाई आली नं?" त्यानं विचारलं. मी तणतणत घरी गेलो आणि हत्ती आणून मेजावर ठेवला. "मांडा. पुन्हा धरतो." घेतलेला माल मी आयुष्यात फुकट परत केला तो एवढाच.

पुन्हा त्यानं कधी धरू दिला नाही. मग त्याची एटापल्लीला बदली झाली. फौज पळसाच्या पानांत गुंडाळून पेटाऱ्यात गेली; हत्ती मात्र त्यानं मांडीवर घेतला. मी तोंड उघडलं असतं तर दिला असता, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण जन्मभर भाव पाडणाऱ्या माझ्या तोंडून मागायचा शब्द निघेना. आणि त्यालाही आपणहून सुचलं नाही, हा राग माझा अजून आहे.

"या तिकडं, लढू," तो गाडीतून म्हणाला.

"रस्ता तरी हाय का तिकडं?" मी खेकसलो.

गाडी हलली. वळण येईपर्यंत त्यानं हत्तीचं तोंड माझ्याकडे फिरवून धरलं होतं.