मसिनगुडीचा तांदूळ

प्रवासाहून घरी आलं की लोक पेढ्यांचे पुडे उघडतात. आमच्याकडे तांदूळ उघडत. ऐकणारा हसतो, म्हणून आधी कारण सांगते.

ह्यांना फोटो काढायची हौस होती. पोटापाण्याचं काम वेगळंच. चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात हे तपासणी विभागात होते. केसाच्या जाडीहून कमी फरक मोजायचा आणि नापास झालेला भाग बाजूला काढायचा, यात यांची सगळी नोकरी सरली. लग्न होऊन मी मिरजेहून इथे चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये आले तेव्हा मला वाटलं होतं, एवढ्या काटेकोर माणसाशी आपलं कसं जमायचं. जमलं, कारण सुट्टी लागली की हा माणूस कॅमेरा घेऊन सुटायचा आणि मलाही ओढून न्यायचा. एक जंगल आणि एक शहर, असा यांचा नियम होता. नुसती जंगलं केली तर बायको कंटाळेल असं यांना वाटायचं. मी शहरांनाच जास्त कंटाळायचे, पण ते मी यांना कधी कळू दिलं नाही.

यांची लांब लेन्स म्हणजे नाकापेक्षा मोती जड. हातात धरून फोटो काढावा तर हलतो, आणि सफारीच्या गाडीत कॅमेऱ्याची तिपाई मावत नाही. त्यावर या नादातल्या लोकांचा एक साधा उपाय असतो. जाड कापडाची पिशवी शिवायची, तिच्यात धान्य भरायचं, ती गाडीच्या खिडकीवर ठेवायची आणि तिच्यावर लेन्स टेकवायची. धान्य दबून लेन्सपुरता खळगा होतो आणि कॅमेरा जागचा हलत नाही. भरलेलं ओझं नेणार कोण, म्हणून पिशवी रिकामीच न्यायची आणि मुक्कामाच्या गावी दुकानातून तांदूळ घेऊन भरायची. आमची पिशवी मी यांच्या जुन्या जीन्सची शिवली होती, दुहेरी शिवण घालून आणि तोंडाला चेन लावून. लोक परतताना धान्य तिथेच कुणाला तरी देऊन टाकतात. हे मात्र घरी आणायचे. ज्याच्या जिवावर फोटो आले ते धान्य आपल्याच ताटात पडलं पाहिजे, असं यांचं म्हणणं. त्यामुळे घरी आल्यावरचं पहिलं जेवण म्हणजे त्या पिशवीतला भात. पहिला घास घेतला की हे माझ्याकडे बघून विचारायचे, "कसा झालाय?" आणि माझं उत्तर ठरलेलं, "कॅमेऱ्याला चालला, पोटाला नाही चालत." मग हे हसायचे आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे.

मदुराईला उकडा तांदूळ मिळाला. तो शिजता शिजेना. कोलकात्याला फुलांच्या बाजारात हे पहाटेपासून एका भिंतीवर पिशवी टेकवून बसले होते आणि येणारे-जाणारे पिशवीवर झेंडूच्या पाकळ्या सांडत होते. तिथला तांदूळ शिजताना घरभर सुवास सुटला, पण मी कबूल केलं नाही. काबिनीला हत्ती मिळाले, ताडोबाला वाघाची पाठ मिळाली. जयपूरला दुकानदाराकडे हवा तसा बारीक तांदूळ नव्हता, म्हणून यांनी मटकी भरली. तिथून आम्ही भरतपूरला पाखरं बघायला गेलो. धुकं एवढं दाट की पिशवी ओली चिंब झाली. हे तशीच बांधून बॅगेत घालून मोकळे. दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून चेन्नईला येऊन उघडतो तर शिवणीतून पांढरे कोंब बाहेर आलेले. माणूस कारखान्यात केसाएवढी चूक पकडतो आणि घरी मटकी भिजत घालून हिंडतो, असं मी महिनाभर येईल त्याला सांगत होते. उसळ झकास झाली. यांनी विचारलं, मी ठरलेलं उत्तर दिलं.

यांना वाघाचं फार नव्हतं. यांना हवे होते रानकुत्रे. आपल्याकडे विदर्भात त्यांना कोळसुंदे म्हणतात. तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी, आणि भुंकण्याऐवजी शीळ घालून एकमेकांना हाका मारणारं ते जनावर यांच्या मनात कधी भरलं कोण जाणे. पण दर वेळी चुकामूक. पुढची गाडी बघून यायची आणि आम्ही पोचलो की नुसती धूळ. ह्या माणसाने आयुष्यात देवाकडे काही मागितलं असेल तर तेवढंच, नीट दिसलेला आणि नीट आलेला रानकुत्र्यांचा एक फोटो.

मग हात बिघडले. मला आधी कळलं ते कपबशीच्या आवाजाने. सकाळी कॉफी दिली की बशी वाजायची. काही दिवसांनी हे म्हणाले, बशी नको, स्टीलचा टंबलर दे. मग म्हणाले, अर्धाच भर. डॉक्टरांनी कंपवात सांगितला तेव्हा यांनी एवढंच विचारलं की कॅमेरा धरता येईल का. डॉक्टर म्हणाले, काही दिवस येईल. घरी येताना रिक्षात हे सबंध वेळ उजवा हात डाव्या हाताखाली दाबून बसले होते. मला भयंकर राग आला होता. कुणाचा, ते आजही सांगता येत नाही. जगात एवढी माणसं दिवसभर हातांनी काही न करता बसलेली असतात, आणि कंप यायचा तो यांच्याच हातांना.

यांनी हार मानली नाही. पिशवीत जास्त तांदूळ भरायला लागले. कॅमेऱ्याची झडप अधिक वेगाने उघडझाप करेल असं काहीतरी केलं. त्याने हलणं झाकलं जायचं, पण फोटोला रवाळपणा यायचा. फोटो काढणाऱ्या इथल्या मित्रमंडळींत यांचा शब्द मानला जायचा. ते फोटो बघून मंडळी विषय बदलायला लागली, आणि ते यांना लागायचं. त्याच मंडळींत एकदा मोठा वाद झाला होता. एका मित्राला डुलकी लागली असताना त्याच्या कॅमेऱ्यावर गाडीच्या चालकाने बिबट्या टिपला, आणि मित्राने तो स्वतःच्या नावावर लावला. हे सगळ्यांदेखत म्हणाले होते की कॅमेरा कुणाचाही असो, ज्याचं बोट त्याचा फोटो. त्यावरून ती मैत्री तुटली, तरी यांनी शब्द मागे घेतला नाही.

शेवटची सहल मुदुमलाईच्या जंगलाची. मुलगी बंगळुरूला असते. तिने फोनवर इंग्रजीत आणि तमिळमध्ये आळीपाळीने सांगून बघितलं की बाबांना आता नेऊ नकोस. मी नेलं. जंगलाशेजारच्या मसिनगुडी गावात दुकानात तांदूळ मागितला तर दुकानदाराने पोन्नी पुढे केला, जो आमच्या घरी रोज शिजतो. काखेत कळसा नि गावाला वळसा, मी म्हटलं. हे हसले. पिशवी भरताना निम्मे दाणे यांच्या हातून खाली सांडले. मी बसून वेचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वळणावर गाडी थांबली आणि समोर रस्त्यात ते होते. अख्खा कळप. पिल्लं एकमेकांच्या शेपट्या ओढत होती आणि एक मोठं कुत्रं आमच्याकडे तोंड करून निवांत उभं होतं. कोवळं ऊन त्याच्या अंगावर पडलं होतं. इतकी वर्षं पळत राहिलेलं जनावर आज जायचं नाव घेत नव्हतं. दात होते तेव्हा चणे नव्हते, आणि आता चणे आले तर दात गेलेले.

यांनी पिशवी खिडकीत ठेवली, लेन्स टेकवली. हात असे थरथरायला लागले की लेन्स पिशवीवरसुद्धा ठरेना. मी बाजूने बघत होते. यांनी एकदा श्वास रोखला, पुन्हा रोखला. बोट बटणावर जायचं आणि घसरायचं. मग हे माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "तू दाब."

मी म्हटलं, "नाही. तुम्हीच काढायचा."

"अगं, जातील ते. दाब."

मी यांच्या दोन्ही हातांवर माझा हात ठेवला आणि सगळं ओझं पिशवीत दाबून धरलं. आत तांदूळ करकरला. थरथर माझ्या खांद्यापर्यंत येत होती. दुसऱ्या हाताने मी बटण दाबलं. काय दिसतंय ते मी बघितलंसुद्धा नाही, कारण माझे डोळे भरले होते. कुठूनतरी शीळ आली आणि रस्ता रिकामा झाला.

फोटो स्वच्छ आला होता. डोळ्यातला उजेडसुद्धा दिसत होता. मी तो मोठा छापून आणला. आवडत्या फोटोच्या कोपऱ्यात हे पांढऱ्या पेनने सही करायचे. मी पेन यांच्यासमोर ठेवलं, तर यांनी ते माझ्याकडे सरकवलं. मी चिडले. जंगल तुम्ही शोधलंत, इतकी वर्षं वाट तुम्ही बघितलीत, कॅमेरा तुम्ही लावलात, असं बरंच बोलले. यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बोट तुझं होतं." मी सही केली नाही. यांनीही केली नाही. फोटो दिवाणखान्यात आहे आणि त्याचा कोपरा कोराच आहे. सबंध आयुष्यात हवा असलेला एकच फोटो, तोही यांना आपला म्हणता आला नाही. याचं मला फार वाईट वाटतं. त्या सकाळी पुढाकार घेऊन मी यांचंच बोट धरून दाबायला हवं होतं, असं पुष्कळदा मनात येतं. पण घाईत ते कुणाला सुचतं?

त्या वेळी घरी आल्यावर भात झाला नाही. मी पिशवी उघडायला घेतली तर हे म्हणाले, राहू दे, अजून लागेल. पुन्हा कुठे जाणं होणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. मी पिशवी गॅलरीच्या कठड्याजवळच्या स्टुलावर ठेवली. हे तिथे खुर्ची टाकून बसायचे. समोर मांबलमच्या गच्च्या, वाळत घातलेले कपडे, आणि खालच्या मजल्यावरच्या शेजारीण मामी जेवणाआधी कावळ्यांना भात ठेवत तो कठडा. उजवा हात हे पिशवीवर ठेवायचे आणि खाली दाबायचे. तांदळात हात रुतला की थरथर थोडी कमी व्हायची. कॅमेरा कपाटात होता. हे तो मागत नव्हते.

पुढच्या पावसाळ्यात यांच्या छातीत कफ साठला आणि हे गेले. दिवसपाणी झालं, मुलगी राहिली आणि परत गेली. पिशवी स्टुलावरच होती. कापडावर यांच्या पंजाचा खळगा तसाच होता, चार बोटांचा उथळ आणि तळव्याखाली खोल. कामवालीला मी त्या स्टुलाला हात लावू दिला नाही. केर काढायला मीच बसायचे. कधी कधी त्या खळग्यात माझा हात ठेवून बघायचे. तो मला मोठा व्हायचा.

तांदूळ काही माणसासाठी थांबत नाही. एक दिवस शिवणीतून बारीक काळे किडे बाहेर येताना दिसले. ते टिपत बसलेली मला मामींनी खालून बघितलं असावं. त्या तंजावरकडच्या मराठी घरातल्या, त्यांची भाषा मला माझ्या पणजीची वाटते. त्या वर आल्या, माझ्याशेजारी बसल्या आणि तांदूळ कावळ्यांना घाल म्हणाल्या. मी नाही म्हटलं. यांना ते चाललं नसतं.

मी पिशवी उचलली. उचलल्याबरोबर दाणे सरकले आणि खळगा बुजला. क्षणभर ती परत खाली ठेवून हाताने तो पाडावासा वाटला. पण माझ्या हाताने माझाच खळगा पडला असता. मी चेन ओढली आणि सगळा तांदूळ सुपात ओतला. गच्चीवर उन्हात घातला, पाखडला, दाणा न् दाणा निवडला. धुऊन कुकरला लावला.

दुपारी एकटीच जेवायला बसले. भात मोकळा, पांढरा, दाणा न तुटलेला. जुना झालेला तांदूळ चांगला होतो म्हणतात, तसा तो झाला होता. मी पहिला घास घेतला आणि सवयीने थांबले. समोरून कुणी काही विचारलं नाही.

"छान झालाय," मी म्हटलं.