ऑफ म्हणजे कुठलं?

शाळेत स्मार्टबोर्ड आला तेव्हा त्याची पूजा झाली, नारळ फुटला आणि आठवडाभरात त्याने मान टाकली. मी आपली पुठ्ठ्याचे तक्ते काखोटीला मारून वर्गात जात राहिले. पनवेलमधल्या मराठी माध्यमाच्या नववीला इंग्रजी शिकवायचं तर डोळ्यांना काहीतरी द्यावं लागतं. नुसत्या व्याख्यांनी पोरं पेंगतात.

त्या दिवशीचा तक्ता 'ऑफ'चा होता. बंद दिवा, उडणारं विमान, सुट्टीची पाटी लावलेलं दुकान, उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपला. प्रत्येकाने एका चित्रावर बोट ठेवून इंग्रजीत वाक्य बोलायचं. विमानावर नुसत्या उड्या पडल्या.

शिरढोणकडून येणारी एक मुलगी मात्र खाली मान घालून बसली होती. दिवाळीत तिची आई गेली, तेव्हापासून ती वर्गात तोंड उघडत नव्हती. मराठीच्या तासालाही नाही. ही अशीच मुकी राहिली तर, ही भीती मला घरीही खात असे. शेवटी मी तिलाच उठवलं.

ती तक्त्याजवळ येऊन बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, सगळे म्हनतात आई ऑफ झाली. ते यातलं कुठलं?"

आपण म्हणतोच तसं, शेजारचे काका ऑफ झाले, आत्या ऑफ झाल्या. 'मेली' म्हणवत नाही म्हणून घेतलेला उसना शब्द. इंग्रजीत असं म्हणत नाहीत, हे सांगणं मी टाळलं. तिने त्या दिव्याकडे बोट दाखवू नये, एवढंच मनात येत होतं.

तिने बोट चपलांवर ठेवलं.

"हे हाय. आईच्या चपला अजून दारातच हायत. बाबा कोनाला हात लावू देत नाय." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "चपला दारात काढल्यात म्हंजे मानूस आतच असतं ना, मॅडम?"

मी म्हटलं, "इंग्रजीत सांग."

"शी टुक ऑफ हर चप्पल्स," ती स्वच्छ आवाजात म्हणाली.

वाक्य बिनचूक होतं. पण शाबास म्हणायच्या आधी मी वर्गाच्या दाराकडे पाहिलं, तिथे कुणाच्या चपला आहेत का म्हणून, आणि माझ्याबरोबर सगळ्या वर्गाने.