हात दाखवला आणि एसटी थांबली

भूकंपाच्या पुढच्या वर्षी अकरावीसाठी मी जळकोटजवळच्या आमच्या खेड्यातून लातूरला निघाले. फाट्यावर आईनं धपाट्यांचा डबा दिला. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "भूकंपानं बसलेली भिंतींची भीती गेली पोरी, आता रस्त्याकडं बघून चाल. न्हाई जमलं तर माघारी ये."

जमेना, हे खरं. खोली रस्त्याच्या अलीकडं, क्लास पलीकडं आणि मधून ट्रक, टेम्पो, रिक्षांचा लोंढा. गावात रस्ता ओलांडणं हे काही काम असतं, हेच मला ठाऊक नव्हतं. मी कडेला उभी आणि पहिला तास बुडालेला. तिसऱ्यांदा उशीर झाला तेव्हा सर म्हणाले, "पुन्हा उशीर झाला तर बॅग भरायची."

चौथ्या सकाळी रडकुंडीला येऊन, गावच्या फाट्यावर आम्ही एसटीसाठी करायचो तेच मी केलं. सरळ हात दाखवला. एसटी करकचून थांबली.

कंडक्टरनं दार उघडलं. "चल, बस लवकर. कुठं जायचंय?"

"बसायचं न्हाई काका. पलीकडं जायचंय, क्लासला."

अख्खी गाडी हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण डोक्याला गमछा बांधलेल्या ड्रायव्हरकाकांनी कंडक्टरला समोरची वाहनं अडवायला खाली उतरवलं आणि मला म्हणाले, "पळू नको, चालत जा. रस्ता तुझा बी हाय."

दुसऱ्या दिवशी ती एसटी आपणहून थांबली. मग रोजच. महिनाभरात माझ्यासारख्या गावाकडच्या पंधरा पोरी माझ्यामागं रांगेत असायच्या. माघारी जायचा विषयच संपला.

आता मी नांदेडला दाताची डॉक्टर आहे, गाडी चालवते. गावाकडचे विचारतात, घरी कधी येतेस? बाहेर पडलेल्यांनो, तुम्हालाही विचारत असतीलच. काय सांगायचं ते मलाही कळत नसे.

परवा एका क्लाससमोर दोन पोरी कडेला ताटकळलेल्या दिसल्या. मी थांबले. मागून हॉर्नचा भडिमार. त्या हलेनात. शेवटी एक खिडकीशी आली. "मावशी, पत्ता पायजे का?"

कुणी नुसतं आपल्यासाठी थांबेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"न्हाई गं बाई, जा तुम्ही. सावकाश जा."

दोघी खिदळत पलीकडं गेल्या. मागचा टेम्पोवाला ओरडला, "ओ ताई, रस्ता तुमच्या घरचा हाय का?"

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मनापासून म्हणाले, "हाव!"